मोरेमीत पाणी चढलंय, जुलैत गाडी घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून दोन कुटुंबं, चार मोठी माणसं, 9 आणि 12 वर्षांची दोन मुलं, भाड्याच्या दोन टोयोटा हायलक्स. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात बोत्स्वानातल्या माऊनहून निघायचं, मोरेमी अभयारण्यात साउथ गेटने शिरून थर्ड ब्रिज, काकानाका हे मुक्काम, मग नॉर्थ गेटने बाहेर पडून ख्वाई, सावुती आणि शेवटी कासाने. कोरडा हंगाम म्हणून मुद्दाम जुलै निवडलात, मुक्कामाच्या जागांचे पैसे भरलेत आणि आता कानावर येतंय की आतले रस्ते पाण्याखाली गेलेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: किती खोल पाण्यातून गाडी काढता येते, सहल रद्द करावी का, आणि मुलांना घेऊन असं जाणं बेजबाबदारपणाचं आहे का.

मी मूळचा सांगलीचा. 2008 पासून माऊनमध्ये माझं छोटं गॅरेज आहे. जून ते सप्टेंबर पाण्यातून ओढून काढलेल्या गाड्या माझ्या दारात येतात, आणि हंगामात कधीकधी पाहुण्यांच्या गाड्यांमागे मदतीची गाडी घेऊन मी आत जातो. त्या अनुभवावरून आधीच सांगतो: खोलीचा आकडा हा या प्रवासातला दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की समोरचं पाणी पाहून तुम्हाला गाडी मागे वळवावीशी वाटली, तर ती वळवणं तुम्हाला परवडणार आहे का? संध्याकाळचे पाच वाजलेत, पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेत, मागे जायला साठ किलोमीटर वाळू आहे, मुलं भुकेली आहेत, अशा वेळी माणूस "जमेल" म्हणतो आणि गाडी पाण्यात घालतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्या अशाच घालवल्या गेल्या. पाण्याची खोली त्यांच्या मालकांना दिसत होती.

आता पाऊस नसताना पूर कसा, ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. पूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर 2019 ची कृष्णा-पंचगंगा येते: गढूळ, धावणारं, एका रात्रीत घरात शिरणारं पाणी. इथल्या ओकावांगो नदीचं पाणी तसं नाही. हा पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, नोव्हेंबर ते मार्च. कुबांगो आणि कुइतो या नद्यांतून तो खाली येतो, बोत्स्वानाच्या सीमेवर मोहेम्बोला साधारण एप्रिलमध्ये पाणी सर्वांत वर असतं, आणि तिथून माऊनला पोचायला त्याला जून उजाडतो. अडीचशे किलोमीटरमध्ये उतार जेमतेम साठ-सत्तर मीटरचा, वाटेत लव्हाळे आणि पपायरस, खाली तहानलेली कलाहारीची वाळू. त्यामुळे पाणी वाहत नाही, पसरतं. आलेल्या पाण्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून जास्त इथेच वाफ होऊन किंवा झाडांवाटे हवेत जातं. ही नदी समुद्राला मिळतच नाही. म्हणून आकाश निळंभोर, महिनोन्‌महिने थेंब नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये रस्ता पाण्याखाली, हे इथलं नेहमीचं चित्र आहे.

दरवर्षी किती पाणी येईल हे फक्त अंगोलातल्या पावसावर ठरत नाही. मागच्या वर्षी वाळूत किती ओल उरली, यावरही ते अवलंबून असतं. कोरड्या वर्षानंतर वाळूच आधी पोट भरून घेते. 2019 ला पाणी इतकं कमी होतं की नेहमी भरलेल्या वाहिन्या कोरड्या पडल्या. उलट 2009 ते 2011 सलग मोठं पाणी आलं, आणि 1982 पासून कोरडी पडलेली सावुतीची वाहिनी पुन्हा वाहून 2010 मध्ये पाणी थेट सावुतीच्या दलदलीपर्यंत गेलं. म्हणून कुणीतरी तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या "जुलैत सगळं कोरडं होतं" किंवा "जुलैत जाऊच नका" या दोन्ही वाक्यांना तुमच्या सहलीपुरती किंमत नाही. त्या वर्षीचं पाणी त्या वर्षीच विचारायचं. एप्रिलपासून माऊनमध्ये जो तो मोहेम्बोच्या पाण्याचा आकडा विचारत असतो. तुम्हीही तो निघायच्या आधीचे दीड-दोन महिने पाहत राहा आणि मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी ताडून पाहा.

जानेवारी-फेब्रुवारीचं पाणी आणि जुलैचं पाणी यांत फरक आहे, तो लक्षात ठेवा. लोक दोन्हींचे सल्ले एकत्र करतात आणि गोंधळ होतो. पावसाळ्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, संकट येतं ते मोपाने झाडांच्या जंगलातल्या चिकणमातीचं आणि माबाबेच्या काळ्या जमिनीचं. आपल्याकडची काळी जमीन पावसात कशी बैलगाडी धरून ठेवते ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. तिथे पाणी वीतभर असलं तरी गाडी पोटापर्यंत बसते. जुलैत ती माती वाळून दगड झालेली असते. जुलैचं पाणी अंगोलाचं, बहुतेक ठिकाणी काचेसारखं स्वच्छ, आणि त्याखाली वाळूचा टणक तळ. मांडीभर असलं तरी कित्येकदा सहज निघता येतं. मात्र मोहात पाडणारंही तेच असतं, कारण तळ दिसतो आणि दिसणारा तळ नेहमी जवळ वाटतो.

आता पाणी वाचायचं कसं. आपल्याकडे सांगतात की आधी पायी उतरून अंदाज घ्यावा. इथे तसं करू नका. या पाण्यात मगरी आहेत, पाणघोडे आहेत, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून अभयारण्यात गाडीतून उतरायला परवानगीही नाही. कडेला थांबून, इंजिन बंद करून, दहा मिनिटं पाहायचं. पाण्यातून गवताची टोकं वर आलेली असतील तर ते पाणी नवीन आहे, खाली कालपर्यंत जमीन होती, आणि ते बहुधा उथळ आहे. कमळासारखी गोल पानं पसरलेली असतील तर तिथे पाणी जुनं आहे. त्या पानांना देठ धरायला वेळ आणि खोली दोन्ही लागतात, तिकडे चाक नेऊ नका. पपायरस किंवा उंच लव्हाळे म्हणजे कायमची वाहिनी. रस्त्याच्या दोन चाकोऱ्यांच्या मधला गवताचा पट्टा पाण्यावर दिसतोय तोवर मी निर्धास्त असतो. तो दिसेनासा झाला की थांबतो. पलीकडच्या काठावर ओल्या चाकांचे ठसे चढलेले दिसतात का, ते ताजे आहेत की सुकलेले, हे पाहा. आणि काठाजवळ गवत दाबून केलेली रुंद, गुळगुळीत खाच दिसली तर ती पाणघोड्याची जायची-यायची वाट आहे. तिथे तळाला हमखास खड्डा असतो.

ऊन हेही एक हत्यार आहे. सकाळी लवकर आणि चारनंतर तिरप्या उन्हाने पाणी आरशासारखं चमकतं, तळ दिसत नाही. सकाळी दहा ते दुपारी दोन, सूर्य डोक्यावर असताना पाणी ओलांडायचं असा माझा नियम आहे. अंधार पडल्यावर आत गाडी चालवायला बंदीच आहे, म्हणजे दुपारी दोननंतर अडकलात तर मदत यायला आणि उजेड जायला एकच गाठ पडते.

गेटवर विचारायची पद्धत आहे. आधी "दुमेला रा" किंवा बाई असल्या तर "दुमेला मा" म्हणा, ख्यालीखुशाली होऊ द्या, मग विषय काढा. नमस्कार न करता प्रश्न टाकणं इथे उद्धटपणाचं समजतात. आणि "रस्ता बरा आहे का?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर "हो" असंच येतं. त्यांच्या मोठ्या ट्रकला तो बराच असतो. विचारा: आज सकाळी थर्ड ब्रिजहून कोण आलं? कोणती गाडी? पाणी बंपरच्या खाली होतं की वर? काल त्याच जागी किती होतं? ही जमीन बाटावाना लोकांनी 1963 मध्ये स्वतः अभयारण्यासाठी राखून ठेवली. इथली माणसं हे पाणी लहानपणापासून पाहत आली आहेत. ती म्हणाली की जाऊ नका, तर नकाशा आणि फोनमधली वाट बाजूला ठेवून मागे फिरा.

गाडीचं बोलू. हायलक्सला साधारण 70 सेंटिमीटरची मर्यादा सांगतात. ती संथ पाण्यासाठी, सपाट तळासाठी आणि बेताच्या वेगासाठी आहे. तुमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्याला मी 50 च्या पुढे जाऊ नका असं सांगतो. उरलेले 20 सेंटिमीटर न दिसलेल्या खड्ड्यासाठी राखून ठेवायचे. इंजिन हवा आत घेतं ते तोंड पुढच्या मडगार्डमध्ये असतं. तिथून पाणी आत गेलं की सिलिंडरमध्ये पोचतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो वाकलेला रॉड हातात घेऊन पाहुण्यांना दाखवायची वेळ माझ्यावर फार वेळा आली आहे. भाड्याच्या करारात पाण्याने झालेलं नुकसान बहुतेकदा विम्याबाहेर असतं. सही करण्याआधी ते कलम दोनदा वाचा, कारण अख्ख्या इंजिनाचे पैसे तुमच्या अंगावर येऊ शकतात.

पाण्यात शिरण्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी थंड होऊ द्या. वाळूतून आल्यावर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधली गिअरची पेटी, तापलेलं असतं. ते गार पाण्यात एकदम बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या-यायच्या नळीतून, पाणी ओढून घेते. मग चार दिवसांनी तेल दुधासारखं पांढरं निघतं. गाडी ताब्यात घेताना ब्रीदरच्या नळ्या वरपर्यंत नेलेल्या आहेत का, हे नक्की विचारा. टायरमधली हवा 20-22 पीएसआयवर आणा, वाळूत आणि पाण्याखालच्या वाळूतही तीच चालते. लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्हचा संथ, जास्त ताकदीचा टप्पा), दुसरा गिअर, माणसाच्या चालण्याइतका वेग. बंपरपुढे एक लाट तयार होते, तिच्या मागेमागे राहायचं. त्या लाटेमुळे इंजिनाजवळ पाणी थोडं खाली राहतं. वेग वाढवला तर पाणी बोनेटवर चढतं, कमी केला तर लाट मोडून मागे येते. मधेच क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. खिडक्या खाली, सीटबेल्ट काढलेले. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा किल्ली फिरवू नका. हे एकच वाक्य गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवा.

दोन गाड्या आहेत हा तुमचा मोठा आधार आहे, पण त्यांचा उपयोग आधी ठरवावा लागतो. पहिली गाडी पाण्यात शिरण्याआधीच तिच्या मागच्या हुकाला ओढायचा पट्टा शॅकलने (लोखंडी कडीने) अडकवा, आणि त्याचं दुसरं टोक वर घेऊन मागच्या खिडकीतून आत ठेवा. दुसरी गाडी काठावरच थांबेल. पहिली पलीकडे जाऊन कोरड्यावर उभी राहिली की मगच दुसरी निघेल. पट्टा आधी का बांधायचा, ते मी 2010 मध्ये शिकलो.

ख्वाईच्या बाजूला एक बंद पडलेली लँड क्रूझर दुरुस्त करायला मी आणि माझा मदतनीस गेलो होतो. जाताना एक पाणी ओलांडलं, गुडघ्याच्या थोडं वर. दोन दिवसांनी त्याच जागी परत आलो. वीतभर चढलं होतं, ते मला दिसलं. पण दोन रात्रींत हत्तींनी पलीकडचा चढ तुडवून तिथे खोलगा केला होता, तो दिसला नाही, कारण साडेचारचं ऊन समोरून येत होतं. पुढचं डावं चाक त्यात गेलं, बोनेटवरून पाणी काचेला लागलं, आणि इंजिन गप्प झालं. मी किल्लीला हात लावला नाही, एवढंच त्या दिवशी बरोबर केलं. आत सीटपर्यंत पाणी. आम्ही दोघं टपावर चढलो. रात्री कडाक्याची थंडी, आणि टॉर्च मारला की दहा-बारा हातांवर पाणघोडे गवत उपटून खाताना दिसत होते, त्यांच्या चावण्याचा आवाज अजून कानात आहे. सकाळी एका लॉजचा ट्रक आला. आमच्याकडे पट्टा होता, पण तो होता मागच्या सामानाखाली, आणि हूक होता पाण्याखाली. ट्रकचा ड्रायव्हर पाण्यात उतरला, त्याचा साथीदार काठावरून पाण्यावर नजर ठेवून उभा राहिला. कंबरेइतक्या पाण्यात वाकून त्याने चाचपडत हूक शोधला. माझ्या आळसापायी दुसऱ्या माणसाने तो धोका पत्करला, याचं मला आजही वाईट वाटतं. गॅरेजला आणल्यावर ग्लो प्लग काढून इंजिन फिरवलं तेव्हा चारही भोकांतून पाण्याचे फवारे उडाले. तीनदा तेल बदलून ते इंजिन वाचलं.

आता तुमच्या आखणीकडे येतो. रद्द करू नका, पण क्रम आणि दिवस सैल करा. सध्या तुमचा रोज नवा मुक्काम आहे, म्हणजे रोज पुढे जाण्याची सक्ती. माझ्या मते थर्ड ब्रिज आणि काकानाका हे दोन्ही मुक्काम धरून ठेवू नयेत. साउथ गेटहून नॉर्थ गेटचा रस्ता बराचसा मोपानेच्या जंगलातून, उंचवट्यावरून जातो, साधारण 30 किलोमीटर आहे, आणि पाण्याच्या वर्षीही तो सहसा चालू राहतो. थर्ड ब्रिजकडची वाट मात्र पाण्यातून जाते, आणि तिथले पूल टिकून असले तरी पुलाला लागणारा रस्ता दोन्ही बाजूंनी बुडालेला असू शकतो. म्हणून ख्वाईला तीन रात्री ठेवा. साउथ गेटवर थर्ड ब्रिजची चांगली खबर मिळाली, आणि दुपारच्या आत पोचता येत असेल, तर एक रात्र तिकडे. नाही मिळाली तर ख्वाई. ख्वाईच्या काठाने त्या दिवसांत हत्ती, लेचवे हरणं, जंगली कुत्रे बघायला मिळण्याची शक्यता चांगली असते, तुम्ही काही गमावत नाही.

ख्वाईहून सावुतीला जाताना माबाबेनंतर दोन वाटा फुटतात, एक दलदलीच्या कडेची आणि एक वाळूच्या उंचवट्यावरची. पाणी असेल तर उंचवट्यावरचीच घ्या. वाळू खोल आहे, वेळ लागेल, डिझेल जास्त जाईल, पण गाडी पोचते. आणि सगळंच बिनसलं तर शेवटचा रस्ता मनात तयार ठेवा: माऊनला परत, तिथून नाटा, नाटाहून कासाने. साधारण 600 किलोमीटर, पूर्ण डांबरी, दिवसाउजेडी होतो. हा रस्ता वापरावा लागला तर सहल फसली असं समजू नका. तो असल्यामुळेच समोरच्या पाण्याला तुम्हाला "नाही" म्हणता येतं.

आतल्या वाटेने गेलात तर माऊननंतर कासानेपर्यंत मध्ये डिझेल मिळेल असं धरू नका. वाळूत आणि लो रेंजमध्ये हायलक्स 100 किलोमीटरला 15 ते 18 लिटर पिते, आणि त्यात पाण्यामुळे मागे फिरावं लागलं तर आणखी. टाकी भरून प्रत्येक गाडीत वर 40 लिटर ठेवा. आत मोबाईलला रेंज नाही, सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो, तो एक तरी घ्या. अजून एक गोष्ट लोक विसरतात: जुलैत पाण्याबाहेरचं गवत उंच आणि वाळलेलं असतं. त्याच्या बिया रेडिएटरमध्ये दाटून इंजिन तापतं, आणि गाडीखाली सायलेन्सरला अडकलेलं गवत पेटतं. दर मुक्कामाला टॉर्च घेऊन खाली वाकून पाहा. पाण्याची भीती सगळ्यांना असते, पण गाडी जळून गेलेली मी या गवतानेच पाहिली आहे. आणि पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, सुकेपर्यंत ते लागत नाहीत.

मुलांबद्दल. मी माझ्या मुलीला आठव्या वर्षी आत नेलं होतं, म्हणून तत्त्व म्हणून नको असं म्हणणार नाही. पण मुलं बरोबर असताना ज्या पाण्यापुढे तुम्हा मोठ्यांपैकी एकालाही शंका आली, ते पाणी ओलांडायचं नाही, हे निघण्याआधी चौघांनी ठरवा. मतदान नको. एकाची शंका पुरे. मुक्कामाच्या जागांना कुंपण नसतं, तेव्हा अंधारात मुलं एकटी तंबूबाहेर जाणार नाहीत आणि पाण्याच्या काठावर खेळणार नाहीत. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल पुण्यातल्या डॉक्टरांना आधीच विचारा. जुलैत डास कमी असतात, पण हा भाग मलेरियाचाच आहे.

आणि हे पाणी मुलांना गाडीतून ओलांडण्यापेक्षा मोकोरोतून, म्हणजे इथल्या अरुंद नावेतून, जास्त कळेल. माऊनहून दिवसभराची सफर मिळते, उभा राहून काठीने नाव ढकलणारा माणूस, पाण्याच्या पातळीवर तुमचे डोळे. वयाची अट असते, बुकिंग करतानाच विचारून घ्या. त्या आधी किंवा नंतर एक तास विमानातून वरून पाहता आलं तर पाणी कसं पसरलंय ते एका नजरेत दिसेल, आणि वाळवीच्या वारुळांपासून सुरू झालेली बेटं ओळखता येतील.

तुम्ही पोचाल तेव्हा माऊनमधून वाहणाऱ्या थामालाकाने नदीला बहुधा पाणी आलेलं असेल. जूनमध्ये ते येतं तेव्हा आम्ही गॅरेज बंद करून नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन उभे राहतो. आधी वाळलेल्या पानांचा, फेसाचा, कचऱ्याचा एक पट्टा सरकत येतो, माणूस सावकाश चालतो त्याहूनही हळू. त्याच्यापुढे मुंग्या आणि वाळवी जिवाच्या आकांताने गवताच्या काड्यांवर चढतात, त्यांना टिपायला बगळे आणि करकोचे पाण्याच्या कडेकडेने चालत येतात. वाळूतल्या भेगांत पाणी शिरतं तेव्हा बुडबुड्यांचा बारीक आवाज होतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांना घेऊन माऊनच्या जुन्या पुलावर जा. तिथे पाणी खांबांवर कुठवर चढलंय ते बघा, कालची ओली रेघ कुठे आहे ते शेजारी बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारा, आणि तो फरक वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी गेटवर तुम्ही काय विचारायचं, ते तिथूनच सुरू होईल.